सहा नंबरच्या गाडीचा योक

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये माझी पोस्टिंग जयपूरला झाली. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, सोळा वर्षांची नोकरी. गाव बुलढाणा जिल्ह्यात. बायको शोभा आणि सात वर्षांची मुलगी बरोबर होती. फॅमिली क्वार्टर मिळालं, वर्कशॉप चालत दहा मिनिटांवर. सकाळी सहाला पीटी, आठला फॉल-इन, मग दिवसभर ग्रीस आणि पाने.

माझ्याकडे मोटरसायकलींचं सेक्शन होतं. त्या गाड्या बहुतेक डीआर वापरत. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, एका ठिकाणची डाक दुसऱ्या ठिकाणी पोचवणारा जवान. त्यांच्यात लान्स नायक सुदाम खरात होता, जालना जिल्ह्यातला. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही मोजकेच, म्हणून रविवारी तो जेवायला आमच्याकडे यायचा. शोभाला वहिनी म्हणायचा. ज्वारीची भाकरी दिसली की बाकी कशाकडे बघायचा नाही. एकदा सांगानेरहून मुलीसाठी ठशांच्या छपाईचं फ्रॉकचं कापड घेऊन आला, तर ते इतकं निघालं की शोभाने उरलेल्यातून उशीचे अभ्रे शिवले.

जानेवारीत युनिटच्या स्थापना दिवसासाठी मोटरसायकल डिस्प्ले ठरला. सहा गाड्या, त्यांवर जवानांचे मनोरे, मैदानात संथ गतीने इंग्रजी आठचा आकडा. गाड्या जड. कमी वेगात हँडल वळवताना रायडरचे खांदे भरून येत. नायब सुभेदारसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, स्टीअरिंग हलकं कर, कसं ते तू बघ.

ते कसं केलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हँडल ज्या तिरक्या दांड्यावर फिरतं, त्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत न्यावी. ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे पुढचा टायर टेकतो. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागे ओढलं जातं आणि म्हणून आपोआप सरळ राहतं. दवाखान्यात स्ट्रेचर ढकलला की त्याची लहान चाकं मागे वळून सरळ होतात, तसंच. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर गाडी वेगात स्थिर राहते, पण हँडल जड लागतं. कमी असेल तर हँडल हलकं होतं, पण वेगात गाडी स्वतःला सावरत नाही.

स्टोअरमध्ये जुन्या साइडकारवाल्या गाड्यांचे योक पडून होते. योक म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे, म्हणजे फोर्क, धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची जोडी, एक वर, एक खाली. साइडकारच्या योकमध्ये फोर्क बोटभर पुढे बसतात आणि ट्रेल तेवढा कमी होतो. साइडकार जोडलेली गाडी तीन चाकांवर असते, तिला ते चालतं. मी सहाही गाड्यांना ते योक बसवले. मैदानात गाड्या एका हाताने वळू लागल्या. डिस्प्ले उत्तम झाला. कमांडिंग ऑफिसरनी सर्वांसमोर पाठ थोपटली. मला फार बरं वाटलं.

नंतर गाड्या पूर्ववत करायचा हुकूम आला. पाच केल्या. सहा नंबरच्या गाडीच्या मूळ योकला तडा दिसला. नवा मागवला, तो यायला वेळ होता; तोवर तिच्यावर साइडकारचाच योक राहिला. सोमवारी इन्स्पेक्शन होतं. शनिवारी दुपारी मी सहाही जॉब कार्डांवर ‘काम पूर्ण’ लिहून सह्या केल्या. गाडीवर ‘वापरू नये’चा लाल टॅग लावायला हवा होता. लावला असता तर इन्स्पेक्शनमध्ये एक गाडी कमी दिसली असती. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दोन योकमधला फरक कोणाला दिसणार नव्हता. नवा आला की गुपचूप बदलू, असं मी ठरवलं.

फेब्रुवारी आला तरी नवा योक आला नव्हता. खरातची गाडी क्लचच्या कामासाठी आत आली आणि गाड्या वाटून देणाऱ्या ड्यूटी एनसीओने त्याला सहा नंबर दिली. दोन दिवसांनी तो चहाच्या वेळी वर्कशॉपमध्ये आला. सेक्शनचे आठ-दहा जण उभे होते.

“उस्ताद, साठच्या पुढं हँडल हातात थरथरतंय,” तो म्हणाला. “रस्त्याचं काही नाही. गाडीच सरळ राहत नाही. एकदा बघा ना.”

मला कारण माहीत होतं. ऐकताक्षणी माहीत होतं. पण सर्वांसमोर गाडी उघडली असती तर जॉब कार्डही उघडं पडलं असतं. मी म्हणालो, “खरात, गाडीला काही झालेलं नाही. तू घाबरून हँडल आवळतोस. हात सैल सोड.”

पोरं हसली. खरातही हसला. “बरं उस्ताद,” म्हणाला आणि कप ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो दहा वाजून चाळीस मिनिटांनी अजमेर रोडने निघाला. मागे डाकेच्या दोन भरलेल्या पिशव्या. मागे वजन पडलं की पुढचं चाक आणखी हलकं होतं. साडेअकराच्या सुमारास फोन आला. डीआरचा अपघात, बगरूच्या अलीकडे. रिकव्हरी गाडी घेऊन मी निघालो. वाटेत वायरलेस सेटवर, तिथे आधी पोचलेल्या एस्कॉर्ट गाडीतल्या जवानाशी बोलणं झालं.

“रायडरची कंडिशन सांगा. ओव्हर.”



“रायडर नहीं रहा. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

मी पोचलो तेव्हा त्याला हलवलं होतं. रस्त्यावर डांबराचा एक उंचवटा होता, साध्या गाडीला जाणवणारही नाही असा. तिथून पुढे टायरची नागमोडी खूण होती, प्रत्येक वळण आधीपेक्षा रुंद. ती खूण मी वाचू शकत होतो. बाजूच्या शेतात रंगाऱ्यांनी छापलेलं कापड वाळत घातलं होतं. त्यातल्या एकाने सगळं पाहिलं होतं. तो म्हणाला, “हैंडल दोनों तरफ पटक रहा था साहब. वो संभाल रहा था. बहुत संभाला उसने.”

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे युनिटची चौकशी, बसली. अध्यक्ष एक कॅप्टन, दोन सदस्य. त्या रंगाऱ्याचा जबाब झाला. मग मला विचारलं, हँडल असं कशाने हलू शकतं? मी सावधान उभा राहून सांगितलं की जास्त वेग, मागचं वजन, रस्त्यातला उंचवटा आणि रायडरने हँडल आवळणं, यांनी हलू शकतं. गाडी जॉब कार्डाप्रमाणे ठीक होती. पहिल्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. दुसऱ्या वाक्यात फक्त माझी सही होती. योकचा प्रश्न कोणी विचारला नाही. निष्कर्ष निघाला, रायडरचा अतिवेग आणि निष्काळजीपणा. गाडी भंगारात निघाली.

घरी मुलीने विचारलं, “पप्पा, मतलब खरातकाका आता संडेला येणारच नाहीत?” शोभाने तिला आत नेलं. शोभालाही मी काही सांगितलं नाही.

महिन्याने खरातचे वडील, भिकाजी खरात, त्याच्या सामानाची पेटी न्यायला आले. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. मराठी बोलणारा म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं. पेटी रिक्षात ठेवल्यावर ते थांबले.

“तुम्ही त्याच्या गाडीचे मिस्तरी. कागदावर लिहिलंय तो लई जोरात होता. खरंय का?”

मी म्हणालो, “थोडा जोरात होता, बाबा.”

त्यांनी मान हलवली आणि मला हात जोडले.

त्यानंतर मी पाच वर्षं नोकरी केली. नायब सुभेदार झालो. कोर्सला येणाऱ्या जवानांना ट्रेल शिकवायचो, फळ्यावर ती तिरकी रेघ काढायचो, आणि रेघ जमिनीला टेकली की लगेच फळा पुसून टाकायचो. मुलं समजायची, साहेबांना घाई आहे.

२००९ मध्ये निवृत्त झालो. त्याच महिन्यात शोभाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.”

मी युनिटला नावानिशी पत्र लिहिलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे. मग तेच सगळं मराठीत एका कागदावर लिहून काढलं, खाली सही केली आणि जालन्याची गाडी धरली.

भिकाजी थकले होते. घरात धाकटा मुलगा आणि सून. मी चहाला हात लावला नाही. आधी सांगितलं. योक, जॉब कार्ड, त्या दिवशीचं हसणं, कोर्टातला जबाब, त्यांना दिलेलं उत्तर. धाकटा मुलगा ताडकन उठला. म्हाताऱ्याने हाताने त्याला खाली बसवलं.

“पाच वर्षं मी त्याच्या फोटोशी भांडतोय,” ते म्हणाले. “रोज सकाळी म्हणतो, बाबा, हळू का नाही गेलास.”

 मला क्षमा हवी होती, पण मागायची हिंमत झाली नाही, आणि त्यांनीही दिली नाही. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला परत दिला.

“मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा. इथं नको. दारात उभं राहून वाचा. गावाला एवढंच ठाऊक आहे, पोरगा जोरात गाडी चालवून मेला. आता हेही ऐकू द्या.”

संध्याकाळचे पाच वाजले होते. समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती, हापशावर बायका होत्या. मी दारात जाऊन सावधान उभा राहिलो आणि परेडवर देतात तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य होतं, “लान्स नायक सुदाम भिकाजी खरात ड्यूटीवर असताना गेले, आणि त्यात त्यांची काहीही चूक नव्हती.”