भरल्या टाकीचं वजन

काटेमिस्त्रींच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी तिचं वजन सांगत, मग ती काय आहे ते बघत. पेढ्यांचा बॉक्स असो, भेंडीची पिशवी असो की माझ्या मुलीचं दप्तर. डाव्या हातात एकदा वर-खाली करायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. बदनापुरात त्यांचं गॅरेज होतं. खरं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

त्यांचा जीव होता एका टू-स्ट्रोक मोटारसायकलवर. चिखल-मातीतल्या शर्यतींसाठी बनवलेली परदेशी गाडी, गिअरबॉक्स फुटल्यावर पुण्याच्या एका माणसाने भंगारात काढलेली. मिस्त्रींनी ती पुन्हा उभी केली आणि जिल्ह्यातल्या रानारानांत धूर सोडत पळवली. पुढे सगळे फोर-स्ट्रोककडे वळले. इकडच्या शर्यतींतून टू-स्ट्रोकचा गटच गेला, पिस्टनच्या रिंगा दोन-दोन महिने येईनात. मी शाळामास्तर आणि वर फोर-स्ट्रोकवाला, म्हणजे त्यांच्या लेखी वाया गेलेला.

आमचं भांडण वजनावरून. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात एकशे दोन किलो छापलं होतं आणि ते पान मी त्यांच्या नाकासमोर धरत असे.

"सर, हे उपाशी गाडीचं वजन हाय," मिस्त्री म्हणत. "पेट्रोल न्हाई, ऑइल न्हाई. तशी गाडी चालती का? माझी बघा, टाकी भरून एकशे पाच. बराबर."

हा आकडा त्यांनी परतूरच्या एका आडतीतल्या काट्यावर काढला होता आणि सीटखाली पांढऱ्या रंगाने लिहून ठेवला होता. त्यांची गाडी एकशे दहाच्या खाली असूच शकत नाही, असं माझं म्हणणं. दहा वर्षं या एका विषयावर आम्ही किती चहा प्यालो असू, देव जाणे.

गेल्या दिवाळीनंतर एकदा ते म्हणाले, "सर, गाडी जड झाली."

रोज सकाळी गाडी उचलून लाकडी खोक्यावर ठेवायची, आधी पुढून, मग मागून, हा त्यांचा नेम. आता ती मागून उचलेना. त्यांनी नव्या टायरवर आळ घेतला, चेन बदलली, सायलेन्सर काढून आतली काजळी झाडली. गाडी जडच. एक दिवस वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मला बाजूला घेतलं.

"सर, त्यांच्या डाव्या हातातून कप पडू राह्यलेत. शर्टाच्या गुंड्या मी लावते. दवाखान्याचं काढलं की गाडीचं सांगतेत."

समजावून ऐकतील असा हा माणूस नव्हता, म्हणून मी भांडणाचीच जुनी वाट धरली. म्हणालो, "चला परतूरला. गाडी जड निघाली तर माझे कान धरा. एकशे पाचच भरली तर उद्या माझ्यासोबत जालन्याला डॉक्टरकडे यायचं."

"बिलकुल," मिस्त्री म्हणाले.

आडतीत दोन हमालांनी गाडी टेम्पोतून उतरवून काट्यावर चढवली. टाकी मिस्त्रींनी स्वतः काठोकाठ भरली होती. ज्या आकड्याशी मी दहा वर्षं भांडलो, तोच येऊ दे म्हणून आता देवाला विनवत होतो. दोन किलो जरी जास्त भरले असते तर हा गृहस्थ खुशीत घरी जाऊन पुन्हा टायर बदलत बसला असता. आकडे थरथरले आणि थांबले. एकशे पाच किलो, दोनशे ग्रॅम.

"दोनशे ग्रॅम चिखल असंल," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी आपल्या डाव्या हाताची मूठ वळून बघितली. "गाडी तीच हाय सर. मीच कमी झालो म्हणा की."

मानेत नस दबली होती. आणखी दोन-तीन महिने काढले असते तर हात गेलाच होता, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर काही दिवसांनी त्यांनी माझं बोट धरून घट्ट दाबलं, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून मनसोक्त रडलो. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आता गॅरेज बंद आहे. मिस्त्री आणि वहिनी नाशिकला लेकीकडे राहायला गेले. गाडी माझ्या अंगणात आहे. देतानाही टाकी भरून दिली आणि बजावलं, "उपाशी ठेवू नका." ते निघाले त्या दिवशी बदनापूर स्टेशनवर मी कबूल केलं की माझी फोर-स्ट्रोक मी गुपचूप काट्यावर नेली होती, एकशे बारा भरली.

"मला ठावं होतं," ते शांतपणे म्हणाले.

रेल्वे आली. मी त्यांची बॅग उचलायला वाकलो तर त्यांनी मला अडवलं. डाव्या हाताने ती उचलली, एकदा वर-खाली केली.

"नऊ किलो," म्हणाले आणि डब्यात चढले.

रिक्षातून ती बॅग मीच उतरवली होती. तेराच्या खाली ती नव्हतीच, पैजेवर सांगतो. पण मिस्त्रींच्या डाव्या हाताला ती नऊ वाटली, आणि मी वाद घातला नाही.