मामाच्या सलूनमधलं लवंगेचं पाणी

माझा मामा केस कापतो, पण खरं सांगू का, लोक त्याच्याकडे गप्पा ऐकायलाच येतात. केस आपले जाता जाता कापले जातात. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची गाडी सुरू होत नाही, सगळं मामाला माहीत! म्हणून तो एकदम गप्प झाला तेव्हा मामीने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी विचारलं, "मामा, काय झालंय तुला?"

"काही नाही." तेही तोंडावर हात ठेवून!

शेवटी मामीनेच खोदून खोदून काढून घेतलं. दाढी करताना मास्तरांनी मान फिरवली होती. मास्तर म्हणजे मामाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मामाने ओळखलं, आपल्या तोंडाला वास येतोय. दाढी करायची म्हणजे नाकाला नाक, मग बोलायचं कसं? विकतचं माउथवॉश आणलं, तर ते इतकं झोंबलं की बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मग मामीने लवंग आणि पुदिना उकळून, गाळून, गार करून दिलं.

"चुळा भरायच्या, प्यायचं नाही," ती म्हणाली.

आणि आमच्या या महान माणसाने दुकानात ते कशात ओतलं? केसांवर पाणी मारायच्या स्प्रेच्या बाटलीत! तशीच दुसरी बाटली शेजारी. व्हायचं तेच झालं. मास्तर खुर्चीत बसले आणि मामाने फुस्स फुस्स करून त्यांचं डोकं भिजवलं.

"अरे, लवंग?" मास्तर ओरडले. "शिजवतोस की काय मला?"

सगळं दुकान हसलं. मी पण. मामा मात्र रडवेला झाला. "मास्तर, ते माझ्या तोंडासाठी होतं. तुम्ही त्या दिवशी मान फिरवलीत ना..."

"फिरवली. वास आला म्हणून फिरवली. पण त्यासाठी बोलणं बंद? हल्ली इथे बसून मला आरशात स्वतःचंच थोबाड बघावं लागतं! दाताच्या डॉक्टरकडे जा की, शहाण्या!"

मामा गेला. हिरड्या सुजल्या होत्या. डॉक्टरने दात साफ केले, नीट ब्रश करायला शिकवलं आणि सांगितलं, लवंगेचं पाणी जोडीला चालेल, नुसत्या त्याच्यावर राहू नका.

आता त्या बाटलीला मामीने लाल रिबीन बांधलीय. काल मी केस कापायला गेलो, तर मामाने इतकी बडबड केली, इतकी बडबड केली की एका बाजूचे केस जरा जास्तच उडाले.

जाऊ दे. वाढतील.