सुनंदाचं ताट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, रेणुकाईपुढे हात जोडतानाही नाही — तिला ठाऊक असणारच, म्हणून तिथं नजर खाली ठेवते. तुम्ही जवळचे वाटलात, म्हणून बोलते आहे.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तिला दिवस गेले. माझ्या लग्नाला तोवर कितीतरी वर्षं झाली होती, आणि कूस रिकामीच. पिंपळगावच्या बाया तिची ओटी भरायला यायच्या आणि मला बघून आवाज खाली घ्यायच्या. जळले मी. दुसरा शब्द नाही. तिला उलटी झाली तरी हेवा वाटायचा — आता बोला!

सासू नव्हती. चूल माझ्या ताब्यात, वाढायची मीच. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच म्हणायच्या, पोटुशीनं बेतानं खावं, बाळ मोठं झालं की बाळंतपण अडतं. मीही तेच मानत होते, असं सांगून सुटता आलं असतं. पण — मानत नव्हते ना.

भोकरदनच्या दवाखान्यात तिला मीच नेलं होतं. ती सुई घ्यायला आत गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, हिच्या अंगात रक्त नाही, दोन घास जास्त घाला, दूध द्या. मी मान हलवली. आणि परतताना एसटीत सुनंदाला सांगितलं, "डॉक्टरीण म्हनल्या, कमीच खा."

बस, एवढंच.

तिनं ते पाळलं बिचारीनं. अर्ध्या भाकरीवर उठायची. भूक लागायची तिला, मला दिसत होतं. तिच्या माहेराहून शेंगदाण्याचे लाडू आले, ते मी माळ्यावर ठेवले आणि एकटीनं खाल्ले. का? वाटलं, तिच्या बाळासाठी आलेलं माझ्या पोटात गेलं तर मलाही राहील. काही राहिलं नाही.

अश्विनी झाली ती एवढीशी, दुपट्यात शोधावी लागायची. मला बरं वाटलं. हो, वाटलं.

पोर जगली, शिकली, जालन्यात नोकरीला लागली. अंगानं अजून काडीच. आता तिला दिवस गेलेत. दवाखान्यात सुनंदा आणि मी सोबत गेलो, तर रक्तात साखर निघाली. एवढ्या बारीक पोरीला साखर कशी, म्हणून सुनंदा रडायलाच लागली. डॉक्टरांनी विचारलं, जन्मली तेव्हा वजन कमी होतं का? आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळ मिळेल ते साठवायला शिकतं, म्हणाले. पुढं पोटभर मिळालं की शरीराला ते पेलत नाही, साखरेचा धोका वाढतो. आता हिच्या पोटातल्या बाळालाही जपावं लागेल.

"काय बोलून राह्यले डॉक्टर?" सुनंदा म्हणाली. "उपाशी कशी राहीन मी? ह्या बाईनं मला लेकीवानी सांभाळलं. कमी खा म्हनून दवाखान्यातूनच सांगितल्तं."

तेव्हा बोलता आलं असतं. मी पिशवीचा बंद धरून उभी राहिले. आणि खरं सांगू? त्या घडीलाही मनात आलं ते हेच — ही आता आजी होणार.

घरी आल्यावर सुनंदानं ताटं वाढली. अश्विनीला मोजकं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मला मात्र आग्रह करून, भाकरीवर तूप घालून.

"खा बाई, दमल्या तुम्ही."

मी जेवले. पोटभर जेवले.