फोटो झाला, जॅकेट काढा

आमच्या ग्रुपची एक सहल झाली की तिचे किस्से वर्षभर पुरतात. कुणाच्याही घरी चहा टाकला की कपाच्या आधी किस्सा येतो. सांगणारे बहुतेक गजभिये काका. आणि हसायला ठेवलेलं पात्र कोण? मी! "आपली टेन्शनवाली सून!"

तर जबलपूरजवळच्या बरगी धरणावरून बोटीनं नर्मदेतून वर जाऊन मंडला पाहून आलो, त्या सहलीचे किस्से या वेळी मी सांगते. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

*

काका म्हणजे आमच्या ग्रुपचे कायमचे आयोजक. सरकारी नोकरीतून रिटायर, चेरीतालला घर, मूळचे भंडाऱ्याकडचे. जबलपूरमधल्या आम्हा आठ-दहा मराठी घरांना एकत्र बांधून ठेवणारा माणूस, हे मान्य. खाजगी बोट त्यांनीच ठरवली होती.

चढताना सगळ्यांना केशरी लाइफ जॅकेटं मिळाली. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, किती व्यवस्थित आहे!" जॅकेटं घातली, रांगेत उभे राहिलो, ग्रुप फोटो झाला.

लगेच बोटवाला हात पुढे करून हजर. "फोटो हो गया ना दीदी? लाइए, वापस दीजिए. पसीने से खराब हो जाता है."

आणि सगळ्यांनी दिली! इंजिनियर, बँकवाले, कॉलेजात शिकवणारे, सगळ्यांनी! जॅकेटं लोखंडी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लाइफ जैकेट पहनना अनिवार्य है.'

*

मी माझं दिलं. भांडायला दोन जॅकेटं झेपली नसती. पण रुहीचं दिलं नाही. रुही माझी मुलगी, तीन वर्षांची. लहान साइज बोटीवर नव्हताच, म्हणून मोठ्या माणसाचं जॅकेट माझ्या ओढणीनं करकचून बांधलेलं. गुडघ्यापर्यंत येत होतं. ती पार्सलसारखी दिसत होती.

"काहून त्या लेकराला उकडून राहिली तू?" काका म्हणाले. "नर्मदा माय आहे बाप्पा, ती काय कोणाला बुडवते?"

सगळे हसले. नवराही हसला. त्याचं नाव सुमेध, आणि हे हसणं मी लक्षात ठेवलंय.

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही शंका आली. मी अती करते का? रात्री लेकीचा श्वास चालू आहे ना, हे नाकाखाली बोट धरून बघणारी बाई आहे मी. माझ्यावर माझाच भरवसा नाही. पण बोटीवर त्याहून कमी होता.

*

मला बाथरूमला जायचं होतं. सुमेधला म्हटलं, "दोन मिनिटं पकड. सोडू नकोस."

"पकडलंय ना! जा तू."

परत आले तर रुही बोटीच्या कठड्यापाशी, पाण्यात बिस्किट टाकून "मछली, आ जा!" करत होती. नवरा दोन्ही हातांनी चिवड्याचा डबा धरून बसलेला.

"सुमेध!"

"अगं, झाकण सैल आहे त्याचं. सांडला असता!"

*

मंडल्याचा किल्ला गोंड राजांचा. तीन बाजूंनी नर्मदा, चौथीकडे खंदक असायचा म्हणे. गाइड जीव तोडून सांगत होता की शत्रूला इथं शिरणं किती अवघड होतं. आमच्या ग्रुपनं एकच प्रश्न विचारला, "भैया, खाना किधर अच्छा मिलेगा?"

तेवढ्यात गजभिये काकूंनी रुहीला उचलून बुरुजाच्या पडक्या भिंतीवर बसवलं. मागे थेट नदी! "बसू दे ग, पाणी किती सुंदर येऊन राहिलं फोटोत."

मी झडप घातली. अक्षरशः झडप. फोटोत फक्त माझी कोपरं आलीत.

काकू दुखावल्या. "आमची तीन पोरं अशीच मोठी झाली. मोठ्यावाला तर विहिरीतही पडला होता. झालं का काही?"

*

माझी बॅग हाही ग्रुपचा जुना विनोद. थर्मामीटर, दोन जोड कपडे, उलटीची गोळी, ओआरएस. सकाळी काका म्हणाले होते, "दवाखानाच घेऊन आली हो ही!"

दुपारी ऊन आणि जेवणातलं तेल, दोन्ही लागलं. परत बोटीत चढेपर्यंत पहिल्यांदा काका आडवे झाले. मग काकू. मग चिवड्याचा राखणदार. माझं एकेक पाकीट सगळ्यांच्या पोटात गेलं. थँक्यू कोणी म्हटलं नाही. काकांनी तेवढं डोळे किलकिले करून विचारलं,

"संत्र्याच्या चवीचं नव्हतं का तुझ्याकडं?"

*

परतीला दिवस कलला तसा वारा सुटला. बरगीच्या धरणाचं पाणी म्हणजे नदी वाटतच नाही, दोन्ही काठ पार लांब. अशा मधोमध इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बोट वाऱ्याला आडवी फिरली आणि डुलायला लागली.

आधी जोक झाले. मग एक लाट आत आली, चपला भिजल्या, आणि जोक थांबले.

"भैया, जॅकेट निकालो," सुमेध म्हणाला. आवाज वेगळाच होता.

बोटवाल्यानं कपाटाकडं पाहिलं. खिसे चाचपले. "चाबी तो मालिक के पास है, साहब."

"और मालिक?"

"बरगी में."

सुमेध आणि अजून एकजण कुलूप ओढायला लागले. काकू डोळे मिटून पुटपुटत होत्या. रुही माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, ओढणीनं बांधलेली, केशरी, गुडघ्यापर्यंत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की सगळी बोट तिच्याकडं बघतेय. मी ओढणीची गाठ मुठीत धरली.

गजभिये काका उठले. कठड्याला धरत धरत आले आणि माझ्या शेजारी बसले. थोडा वेळ पाण्याकडं पाहिलं. मग रुहीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पोरीला गरम होऊन राहिलं असेल, बेटा," काका हळूच म्हणाले. "जरा इकडं दे ते जॅकेट. मले एक फोटो काढायचा होता."