सैल नट

हे बायकोलाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफिकचाचांचं टायरचं दुकान होतं. माझ्या गाडीला नवे टायर त्यांनीच बसवले. बसवताना बघून मला वाटलं — यात एवढं काय आहे? शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो, चार नट आपल्याला कसता येत नाहीत? घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. बायको बाजारात गेलेली. अंगणात जॅक लावून एक चाक काढलं, परत बसवलं. सराव म्हणून. पुढच्या वेळी गॅरेजला जायलाच नको.

जॅक उतरवल्यावर नट पुन्हा जोर लावून कसायचे असतात. जॅक उतरवला — आणि नळाला पाणी आलं.

आमच्याकडं राहणाऱ्याला हे सांगायला नको. कितीतरी दिवसांनी आलेलं पाणी, माणूस हातातलं टाकून पळतोच. पिंपं भरली, घागरी भरल्या. मग पाना उचलून डिकीत टाकला. नट तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा संतोष तीच गाडी घेऊन चाकूरला निघाला. अहमदपूरच्या अलीकडं चाक निखळलं. त्याचा पाय गुडघ्यातून कापावा लागला.

दवाखान्यात चाचा धावत आले. हात टायरच्या काळ्या मळानं माखलेले, तसेच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मला तर याद हाय, समदे नट कसले होते. पण आता वय झालं. राहिलं असंल का हो माझ्या हातनं?"

मी म्हणालो, "हाव."

आमच्याकडं हाव म्हणजे हो. पुण्याकडं हाव म्हणजे लोभ. माझ्या तोंडून त्या दिवशी यातलं कोणतं निघालं?

चाचांनी त्यानंतर चाकाला हात लावला नाही. नुसती हवा भरत बसायचे. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन चाकूरला जायचे, संतोषपुढं मान खाली घालून बसायचे. मी त्यांना कधीही थांबवू शकलो असतो. रोज त्याच दुकानावरून जात होतो. लाज वाटली? भीती वाटली? मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

यंदा चाचा गेले. संतोष कुबडीवर कब्रस्तानात आला, वाकून माती दिली. मीही दिली. परत निघताना त्यानं माझा खांदा धरला.

"दाजी, मी कवाच माफ केलंय म्हणून कळलं असंल ना चाचाला?"

"हाव," मी म्हणालो.