चांदणीची वेळ

पडद्यावर मुख्य घड्याळाच्या नावाआधी बारीकशी चांदणी उमटली, म्हणजे यंत्रानं त्याची वेळ मानली, आणि सुनंदाताईंनी खुर्चीतच टाळी वाजवली. ऑफिसातल्या सगळ्या नेटवर्क यंत्रांनी त्या एकाच घड्याळाकडून वेळ घ्यावी, तीही गुप्त शब्द जुळला तरच, यासाठी आम्ही दोघं सकाळपासून झटत होतो. शब्दाच्या शेवटी पडलेली एक रिकामी जागा ताईंनी पकडली, तेव्हा कुठे तो जुळला.

आपण माणसं किती भोळी! रस्त्यात कुणालाही "किती वाजले हो?" विचारतो आणि मनगटावरचं घड्याळ लावून मोकळे होतो. आमच्या घरी तर भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे असतं. ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याला कुणी जुमानत नाही. यंत्रांना असं चालत नाही. वेळ चुकली तर त्यांच्या नोंदींचा क्रम बिघडतो आणि चोर आधी कुठून शिरला, हेच कळत नाही.

"आता खोटी वेळ देऊन बघा," ताई म्हणाल्या. मी माझ्या लॅपटॉपवरून, गुप्त शब्दाशिवाय, आमच्या घरच्या भिंतीवरची, पाच मिनिटं पुढची वेळ पाठवली. एकही यंत्र हललं नाही. चांदणी जागच्या जागी!

घरात माझं कुणी ऐकलं नाही की मी चिडतो. आज मात्र अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडलो, "ताई, माझंसुद्धा ऐकत नाहीत!" आणि पेढे आणायला पळालो.