एका बटनाची खोळ

जगातले यच्चयावत कारखानदार सकाळी उठल्यापासून एकाच विचारात असतात, की वसमतच्या आमच्या थोरल्या साडूंना आज कसा त्रास द्यावा. हे माझं म्हणणं नाही, खुद्द साडूंचं आहे, आणि ते त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही बदललेलं नाही. साडूंची वसमतला हळदीची अडत. माझं हिंगोलीत टीव्ही, मिक्सर, पंखे आणि पुढे पुढे मोबाईलचं दुकान. म्हणजे डोंगरकड्याच्या आमच्या सासऱ्यांनी धाकटी मुलगी दिली वस्तू विकणाऱ्याला आणि थोरली दिली त्याच वस्तूंची भर दुकानात अब्रू काढणाऱ्याला. मुलगी बघायला जाताना लोक रंग बघतात, उंची बघतात, शिक्षण विचारतात. साडू कोण मिळणार, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

कामाला हिंगोलीत आले की साडू हक्कानं माझ्या दुकानात बसत. बसत म्हणजे गल्ल्याशेजारची खुर्ची दारात ओढून, येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बरोबर वाटेत. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. नरसीचा एक शेतकरी बायकोला घेऊन रंगीत टीव्ही घ्यायला आला होता. पसंती झाली होती, खोकं बांधायला घेतलं होतं, आणि साडूंनी रिमोट उचलला. "ह्यातली रोज लागणारी बटनं कोणती हो, पाव्हणं?" गिऱ्हाईक बिचारं विचार करून म्हणालं, "चालू-बंद, आवाज, आन् च्यानल." साडूंनी रिमोट उलटासुलटा केला. "मंग बाकीची काहून देऊन राहिले? शोभेला?" नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "उद्या येतो," म्हणाले. दुकानदारीत 'उद्या येतो' ऐकलं की खोक्याची सुतळी सोडायला घ्यायची असते. मी ती सोडेपर्यंत साडूंनी माझ्याच पोऱ्याला माझ्याच खर्चानं चहा सांगितला होता.

स्वतःच्या घरी तर त्यांनी कहर केला होता. कॅसेट लावायचा व्हिडिओ घेतला, त्यावरचं घड्याळ लावता येईना. सोबतच्या पुस्तकात जगातल्या सगळ्या भाषा होत्या, मराठी तेवढी नव्हती. मी समजुतीनं म्हणालो, "साडूभाऊ, पुस्तक जरा शांतपणे वाचा." तर उसळले. "हळद बघायला पुस्तक लागतं का? हळकुंड मोडलं की आतला रंग दिसतो, कळतं. ह्येला मोडलं तरी काई कळंना!" हे ते उपमा म्हणून बोलत नव्हते. व्हिडिओ खरंच उघडून ठेवलेला होता, आणि दोन स्क्रू शेवटपर्यंत सापडले नाहीत. मग त्यांनी रिमोटकडे मोर्चा वळवला. अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, जुन्या खणाची खोळ शिवायला लावली. खोळीला लागणाऱ्या बटनांपुरती भोकं, आणि भोकांना पोलक्याला करतात तशी सुबक काजं. बाकीची बटनं खणाखाली कायमची झाकलेली. आलेल्या पाहुण्याला साडू पाण्याआधी ती खोळ दाखवत. मला ती बघून संताप यायचा, कारण वसमतची चार माणसं तसली खोळ कुठं मिळते म्हणून माझ्या दुकानात विचारून गेली होती.

पुढे गावात नेट कॅफे आला आणि साडूंच्या शत्रूंना नवा मुलूख मिळाला. पुण्याच्या बसचं तिकीट वेबसाइटवर काढायला ते एकदा मला सोबत घेऊन गेले. एका बोटानं नाव टाकलं, गाव टाकलं, वय टाकलं, पासवर्ड टाकायला घेतला. "मी लिहून राहिलो आन् ह्यो ठिपके मारून राहिला! मला माझंच लपवून काय मिळतं ह्येला?" सगळं भरून शेवटचं बटन दाबलं, तर पडद्यावर आलं की तुमची वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. साडूंनी कॅफेतल्या सगळ्यांकडे साक्षीदारासारखं पाहिलं. "संपली म्हंजी? मी हितंच तर बसलोय की! उठलो का? बाहेर गेलो का?" कॅफेवाला म्हणाला, "काका, तुमी लई सावकाश टाइप करता." झालं. साडूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अडतीत कास्तकार येतो, गाठोडं सोडायला त्येला येळ लागतो. मी त्येला म्हणतो का, सोडायला उशीर केला, बांध परत आन् गावाकडून पुन्हा ये?" आम्ही शेवटी स्टँडवर जाऊन मिळेल त्या बसनं पुण्याला उभ्यानं गेलो.

साडूंची ही सगळी तत्त्वं जिच्या जिवावर उभी होती, ती म्हणजे आमची सासू, आम्हा जावयांच्या मामी. सासरे गेल्यावर मामी डोंगरकड्याच्या घरात एकट्याच राहत. बाजारात काही नवीन आलं की साडू माझ्या दुकानातून ते उसनं उचलत, स्कूटरवर घालून डोंगरकड्याला नेत आणि मामींच्या पुढ्यात ठेवत. वर ओठावर बोट. "कुणी सांगायचं न्हाई! कुणी बोलायचं न्हाई! मामी, चालू करा." थोरल्या जावयाचा शब्द मोडायचा कसा? मामी डोक्यावरचा पदर पुढे ओढत आणि त्या वस्तूला हात लावत. मिक्सरची खिटी त्यांनी उलट्या बाजूला फिरवली. घुर्र झालं, हात सोडला की बंद. पुन्हा घुर्र, पुन्हा बंद. मामी ओशाळून म्हणाल्या, "मला मेलीला काय जमतंय." त्यावर साडू उभे राहिले आणि निकाल जाहीर केला, "मामी पास, मशीन नापास!" हा निकाल कायम ठरलेला. इस्त्री नापास, टॉर्च नापास, गॅसची शेगडी काठावर पास. माझा अर्धा माल डोंगरकड्यात नापास होऊन पडला होता. पण एक सांगतो, त्या घरात मामींना 'तुम्हाला जमत नाही' असं न म्हणणारा माणूस तेवढाच होता.

आणि मग धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयांना जेवायला बोलावतात, तसं मामींनी आम्हा दोघांना बोलावलं. पुरणाचे धोंडे ताटात पडले, तूप पडलं, आणि पुण्याहून आलेल्या मेव्हण्यानं खिशातून मोबाईल काढून पाटासमोर ठेवला. "आई एकटी राहते, मला तिकडं झोप लागत नाही. उद्या काही झालं तर कळवणार कोण? दिवाळीपर्यंत हा फोन तिला एकटीला लावता आला तर राहू दे इथं. नाहीतर मी तिला पुण्याला नेतो." मुलगा चुकीचं बोलत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारामागून मामींचा आवाज आला. "तुझ्या तिथं दार उघडायचं बी शिकावं लागतं, बाबा. हितं माझं दार मला वळखतंय." पुण्याच्या इमारतीत मागे त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, आणि तेव्हापासून तिथं जिन्याच्या तोंडाशी बसून राहत. साडूंनी अर्धा धोंडा ताटात तसाच ठेवला. जावयानं धोंडा टाकून उठायचं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

त्या दिवसापासून साडूंनी मोबाईलशी उघड वैर धरलं. अक्कांकडून पुन्हा खोळ शिवून घेतली. या वेळी काज एकच, त्यातून बटन एकच बाहेर, आणि ते दाबून धरलं की फोन थेट साडूंना. मी म्हणालो, "आता चुकायला जागा कुठाय?" जागा निघाली. मामी बटन दाबत आणि चटका बसल्यागत बोट काढून घेत. "इतकं दाबून धरल्यावर मोडंल की, जावईबापू. लेकाची वस्तू हाय." दोन हप्ते गेले त्यांची ती भीती काढण्यात. मग फोन लागायला लागला, तर पलीकडून नुसतीच घुसमट. साडू धावत डोंगरकड्याला. बघतात तर जावई बोलणार म्हणून मामींनी पदर डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढलेला, आणि फोन त्या पदराच्या आत. पदर बाजूला घ्यायला सांगितलं, तर मामी बोलेचनात. जन्मभर ज्या जावयाशी दाराआडून नाहीतर पदराआडून दोन शब्द बोलल्या, त्याच्याशी कानाला लावून बोलायचं? त्या नुसतं "हं" म्हणत. दुखतंय की सुखात आहेत, हे त्या "हं"वरून ओळखणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. साडूंनी निकाल दिला, "मामी पास, मशीन नापास." पण या वेळी आवाजात जोर नव्हता. मशीन नापास झालं तरी पुण्याला जायचं होतं ते मामींनाच. आणि दसरा तोंडावर आला होता.

तेव्हा एका सकाळी साडू माझ्या दुकानात एकाही गिऱ्हाइकाला न अडवता बसले होते. समोर एक पोरगं मोबाईल कानाला न लावताच नंबर फिरवत होतं आणि लगेच बंद करत होतं. साडूंनी विचारलं, "हे काय करून राहिला बे?" पोरगं म्हणालं, "मिस कॉल देऊन राहिलो, काका. घरी कळतं, निघालो म्हणून." आमच्याकडे मोबाईल आला तसा आधी मिस कॉल आला, बोलणं नंतर. हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, साडूंना त्या दिवशी दिसलं. ते उठले आणि चहा न घेता गेले. मी काळजीत पडलो.

संध्याकाळी त्यांचाच फोन. "साडूभाऊ, आपून उलटं करून राहिलो होतो. पडलेलं माणूस बटन हुडकत बसंल का? पडलेल्यानं काईच करायचं न्हाई. जे करायचं ते उभ्या माणसानं!" व्यवस्था अशी, की मामींनी सकाळी सातला चूल पेटवून झाली की ते एकच बटन दाबायचं. वसमतला वाजलं की साडू कट करणार. तिकडून कट झालं की मामींनी समजायचं, जावयाला पोचलं. बोलायचं नाही, पदर सोडायचा नाही. आणि ज्या दिवशी वाजलं नाही, त्या दिवशी साडू निघणार. दिवाळीत मेव्हणा आला, सातला मामींनी पदर सावरून बटन दाबलं, वसमतहून कट झालं. "यात बोलणं कुठंय?" मेव्हणा वैतागला. अंगणातून बंब पेटवता पेटवता मी म्हणालो, "बोलायला तू हायेस की." त्यानं होळीपर्यंत मुदत दिली. आम्ही मोठ्या मेहेरबानीनं ती घेतली.

होळी यायच्या आधीच एका सकाळी वसमतला फोन वाजला नाही. हळदीच्या गाड्या दारात उतरत होत्या, कास्तकार वाट बघत होते, साडूंनी कुणाला काही न सांगता स्कूटरला किक मारली. मामी न्हाणीत घसरून पडल्या होत्या, फोन कोनाड्यात, उठता येईना. साडू दारात दिसल्यावर त्या माउलीनं कण्हत आधी हातानं चाचपून पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "जावईबापू, चहा टाकता येईना बघा." साडूंनी त्यांना उचलून गावातल्या एकाच्या जीपमध्ये घातलं. नांदेडच्या डॉक्टरांनी वेळेवर आणलं म्हणून सांगितलं. मेव्हणा धावत आला, दवाखान्याच्या कट्ट्यावर साडूंच्या शेजारी बसला आणि स्वतःहून म्हणाला, "आई बरी झाली की डोंगरकड्यालाच राहू द्या." जाताना त्यानं पुण्याच्या टीव्हीच्या रिमोटला एक खोळ मागितली. साडूंचे पाय त्यानंतर वर्षभर जमिनीवर नव्हते, आणि ते सगळं मी माझ्या दुकानात ऐकलं.

मामी पुढे काही वर्षं आपल्या ओळखीच्या दारात राहिल्या. मिस कॉल न येण्याची दुसरी सकाळ उजाडली तेव्हा आम्ही दोघंही गेलो. त्या अंथरुणातच होत्या, शांत, पदर डोक्यावर नीट. साडूंनी कोनाड्यातला फोन घेतला, खोळीच्या काजावरून अंगठा फिरवला, पण बटन दाबलं नाही. "मामी पास," एवढंच म्हणाले. मशीनबद्दल काही म्हणाले नाहीत. 

तेरावं झाल्यावर अक्कांनी माझ्या बायकोला सांगितलं, "सात वाजले की फोन म्होरं घेऊन बसतेत. चहा गार व्हतो." दुसऱ्या दिवशी सातला मी हिंगोलीहून साडूंना मिस कॉल दिला. एकदा वाजला आणि कट झाला. तेव्हापासून रोज. याबद्दल आम्ही आजतागायत एक अक्षर बोललेलो नाही. दुकानात आले की ते माझ्या मालाची अब्रू काढतात, मी त्यांच्या नावानं बोटं मोडतो.

मध्ये एकदा मला ताप भरला आणि सकाळ ग्लानीत गेली. जाग आली ती दारातल्या स्कूटरनं. साडू आत आले, सदऱ्यावर हळद, दोन्ही पायांत दोन तऱ्हेच्या चपला. माझ्या कपाळाला हात लावला आणि खुर्ची ओढून बसले. मी म्हणालो, "साडूभाऊ, एवढ्या लांब यायचं कशाला? फोन करून विचारायचं की." त्यांनी माझ्याकडे, कॅफेवाल्याकडे बघितलं होतं तसं बघितलं. "नापास," म्हणाले, आणि माझ्या बायकोला चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी सातला मी अंथरुणातूनच बटन दाबलं. वसमतला एकदा वाजलं, आणि कट झालं.